आंदणातल्या गाडीची मान

जवायानं गाडी आणि माझी बहीण एकाच बंडीतून परत पाठवली. खाली धानाची तणीस, तणशीवर आडवी टाकलेली मोटारसायकल, आणि तिचं हँडल एका हातानं धरून बसलेली बहीण. दुसरा हात तिनं पदरात गुंडाळून पोटाशी घेतला होता. करडीपासून तुमसरपर्यंत हँडल हलू नये, टाकीला पोचा पडू नये, हे काम तिला नेमून दिलेलं होतं. आमच्या दारात बैल थांबले. गल्लीतली माणसं हातातली कामं टाकून बाहेर आली, त्यांना काम टाकायला एवढंसं कारण पुरायचं. बंडीवाल्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असा निरोप सांगितला.

"जवाईबापूनं सांगतलं आहे जी, दोन्ही दुरुस्त करून धाडा. सोबतच धाडा म्हणे."

बाबूजी हसले. जवायाकडून काहीही आलं, शिवी आली तरी, बाबूजी आधी हसून घेत. चौघांनी मिळून गाडी उतरवली. बहीण एकटीच उतरली, बंडीचा खुंटा एका हातानं धरून, आणि खाली मान घालून आत गेली. बाबूजींनी टाकीवरून हात फिरवला. पोचा नव्हता. त्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. बहिणीचा हात आम्ही दोघांनी संध्याकाळी पाहिला.

एकोणीसशे सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये फिटर होतो, पंचविशीतला, लग्नाचा. बाबूजी हातमागाच्या लुगड्यांचा व्यापार करायचे आणि घरामागच्या पडवीत आमचे चार माग चालायचे. ही मोटारसायकल बाबूजींनी मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाकडून घेतली होती. विलायती, जवळजवळ माझ्याच वयाची. लुगडी विकायला मोटारसायकल लागत नाही. पण बाबूजींना लोकांनी आपल्याकडे मान वळवून पाहावं असं फार वाटायचं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून कोणी वळत नव्हतं.

बहिणीच्या लग्नात मुलाकडच्यांनी मोटारसायकल मागितली. नव्या गाडीचा नंबर लागायला तेव्हा वर्षं जायची. बाबूजींनी आपलीच गाडी काळ्या रंगानं चकचकीत रंगवली, हार घातला आणि मांडवात उभी केली. मुलगा करडीचा, धानाच्या मोठ्या शेतीचा, घरात माणसं राबायला आणि हा हुकूम सोडायला. वरातीतलं कोणीतरी म्हणालं, "नवरीपेक्षा गाडीच वयानं मोठी दिसते जी." मांडवभर हशा पिकला. नवरदेव तेवढा हसला नाही. त्यानं ते मनात ठेवलं.

पुढं करडीला गाडी चालू होईना झाली की तो उतरायचा नाही. सीटवर बसून राहायचा आणि बहिणीला हाक मारायचा. "बापाची गाडी आहे, बापाची पोट्टीच ढकलन." ती डोक्यावरचा पदर दातात धरून तलावाच्या पाळीपर्यंत गाडी ढकलायची. पारावरची माणसं बघायची. हे तिनं मायला सांगितलं होतं, मायनं बाबूजींना आणि बाबूजींनी कोणालाच नाही. मला कळलं तेव्हा मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, प्लग साफ करत नसंल तो.

मग हँडल जड व्हायला लागलं. सरळ जाताना ते मधल्या एका जागी खाचेत बसल्यासारखं अडायचं आणि वळवताना जोर लावावा लागायचा. त्या कार्तिकात, तलावाच्या पाळीवर, वळणावर ते वळलंच नाही. तो चिखलात पडला, कपडे खराब झाले. ती गाडीखाली आली आणि तिचा डावा खांदा गेला. उठल्या उठल्या तो तिच्यावर ओरडला, "तुझ्या बापानं माझा जीव घ्यालेच देल्ली ही गाडी!" गावातल्या हाडवैद्यानं खांदा बांधला आणि चार दिवसांनी बंडी जुंपली गेली.

मिलला सुट्टी होती त्या दिवशी मी गाडी उघडली. इंजिनाखाली लाकडी पेटी लावली, पुढचं चाक काढलं, दिवा काढला, हँडल सोडवून तारांसकट टाकीवर टाकलं. मोटारसायकलच्या मानेत वर एक आणि खाली एक अशा पोलादी वाट्यांच्या जोड्या असतात. त्यांच्यात छर्रे असतात, वर एकोणीस, खाली एकोणीस. त्या छर्ऱ्यांवर हँडल फिरतं. एवढंच आहे ते. नट सोडला की छर्रे भराभर खाली पडतात, म्हणून मी खाली जुनं लुगडं पसरून ठेवलं होतं. नट सोडला. एकही छर्रा पडला नाही.

मी चाक धरणारा काटा खाली ओढला, रबराच्या हातोडीनं ठोकला, तेव्हा ते कडाकड आवाज करत सुटलं. वाटीत काळपट तपकिरी खरपुडी धरली होती आणि छर्रे त्यात रुतून बसले होते. नखानं खरवडून वास घेतला. जवसाचं तेल! धान उभं असतानाच शेताच्या त्याच बांधीत जवस फेकायची आमच्याकडची रीत, त्यामुळे घाणीचं जवसाचं तेल घराघरात. भाजीला तेच, दुखऱ्या पाठीला तेच. दाराच्या चौकटीलाही तेच लावतात, कारण ते वाळून लाखेसारखं कडक होतं. आणि या दिवट्यानं ते गाडीच्या मानेत भरलं होतं.

मी बहिणीला हाक मारली.

"कोणं घातलं हे?"

"त्याईनंच," ती म्हणाली. "हँडल कुरकुर करून राहिलं होतं. मंग तेलात तणशीची राख कालवली, बंडीच्या आखाले घालतो तसं ओंगण केलं. म्हणे, बंडीले चालते तर गाडीले काहून नाही चालत. राख मीच चाळून देल्ली."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. तिचा खांदा, तिचं ढकलणं, ते सगळं बाजूला राहिलं. जवायाची चूक माझ्या तळहातावर होती, वास येत होता तिचा. छर्रे फिरायचे थांबले आणि एकाच जागी आदळून त्यांनी वाट्यांना खड्डे पाडले, हे मी कोणालाही दाखवून देऊ शकत होतो. मी वाटी घेऊन बाबूजींकडे पळालो.

बाबूजींनी ऐकून घेतलं. वाटी हातातही घेतली नाही.

"फेकून दे ते," ते म्हणाले.

"पण बाबूजी, गाडी आपली चांगली होती! त्यानं—"

"जवायाची चूक काढाची नसते. आपलीच गाडी जुनी होती, आपणच दुरुस्त करून देऊन राहिलो, असं म्हणाचं. आन् तुह्या तोंडाले जरा कुलूप लाव. भंडाऱ्याची माणसं चैत्रात तुले पाह्याले येऊन राहिली. घरात वापस आलेली बहीण दिसली तर देतील का पोरगी?"

मी वाटी घासलेटात टाकली आणि खरपुडी घासून काढली. भंडाऱ्याची मुलगी मी एका लग्नात लांबून पाहिली होती. ती मला आवडली होती.

वाट्या काही मिळेनात. एवढ्या जुन्या विलायती गाडीचं सामान तुमसरला कुठून मिळणार? मिलच्या लेथवर करून पाहिल्या, पण पोलादाला पाणी नीट बसेना, छर्ऱ्यानं लगेच ओरखडा पडायचा. मग मी दर पंधरवड्याला तुमसर रोड स्टेशनवरून रेल्वे पकडून नागपूरला जायचो, भंगार बाजारात दुकानामागून दुकान हिंडायचो आणि रिकाम्या हातानं परत यायचो. मोटारसायकल पडवीत मागांच्या शेजारी मुंडकं काढल्यासारखी उभी होती. बाजाराच्या दिवशी करडीकडून धान घेऊन येणारा कोणी ना कोणी दारात उभा राहायचा. "जवाईबापूनं इचारलं, गाडी झाली का?" दुसरं काही विचारलेलं नसायचं. बाबूजीही मला रोज जेवताना तेच विचारायचे.

बहीण पडवीच्या कोपऱ्यात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पहिल्या महिन्यात ती उजव्या हातानं चरखा फिरवायची आणि धागा पायाच्या अंगठ्यात धरायची, कारण डावा हात मांडीवरून उचलत नव्हता. माय रोज तिचा खांदा शेकायची. मग डावा हात कमरेपर्यंत आला. संक्रांतीला तिनं तीळ कुटले. फाल्गुनात एका सकाळी ती दारात बसून स्वतःची वेणी स्वतः घालत होती, दोन्ही हात डोक्यामागे नेऊन, आणि मायच्या कसल्यातरी बोलण्यावर हसत होती. तिच्या गालावर मांस आलं होतं. लग्नाआधी ती अशी दिसायची.

मी नागपूरहून आलो की ती दारात उभी असायची.

"भेटल्या?"

"नाही."

मग ती आत जाऊन माझ्यासाठी चहा करायची, आलं घालून, साखर जास्त. मला वाटायचं, भाऊ थकून आला म्हणून करते. स्वतःला किती शहाणा समजायचो मी.

चैत्र लागायच्या सुमारास एका भंगारवाल्याच्या लोखंडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेल्या, नव्याकोऱ्या चार वाट्या मिळाल्या. मी त्या दुकानातच घासून पाहिल्या, छर्रा फिरवून पाहिला. सोबत चाळीस छर्रे घेतले, अडतीस लागणारे आणि दोन जास्तीचे. परतीच्या गाडीत मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. दारात ती होतीच.

"भेटल्या?"

मी चारही वाट्या ओट्यावर तिच्यासमोर मांडल्या. तिनं त्यातली एक उचलली, बोटानं आतून पुसल्यासारखी फिरवली आणि ठेवून दिली. त्या दिवशी चहा मायनं केला.

दुसऱ्या दिवशी जुन्या वाट्या आतून लांब सळई लावून काढल्या. एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे, नाहीतर वाटी तिरपी होऊन अडकते. नव्या बसवताना लाकडाचा ठोकळा ठेवून अगदी सरळ ठोकायचं. वाटी बुडाला टेकेपर्यंत आवाज पोकळ येतो आणि टेकली की एकदम भरीव येतो. तो भरीव आवाज ऐकला की मला अजून गार वाटतं. छर्रे पितळी वाटीत घासलेटात भिजत ठेवले आणि मिलमध्ये पाळीवर गेलो.

परत आलो तर वाटीत एकतीस छर्रे. मी पुन्हा मोजले. लुगड्यावर ओतून मोजले. एकतीस.

पडवीत तीन विणकर होते. त्यातला म्हातारा माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे माग चालवत होता. मला त्यानं खांद्यावर बसवून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक दाखवली होती. त्याच्याकडे जुनी सायकल होती आणि सायकलीच्या चाकातही छर्रे असतात, एवढं माझ्या डोक्याला पुरलं.

"बाबा, डबा उघडा," मी म्हणालो.

तो समजला नाही. समजला तेव्हा मागावरून उठला. डबा उघडला, त्यात अर्धी भाकर आणि मिरची होती. मी म्हणालो, धोतराची घडी झटका. त्यानं झटकली. बाकीचे दोघं खाली पाहत होते. मी म्हणालो, कंबरेची गाठ सोडा. त्यानं गाठीला हात घातला, पण गाठ सुटेना. मी वाट पाहत उभा राहिलो. मला त्यात मजा वाटत होती, हे लिहायला मला लाज वाटते, पण वाटत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे चूक ठरत होतं.

बहीण कोपऱ्यातून उठली. कांड्यांची टोपली तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यापुढे उपडी केली. कांड्या घरंगळल्या आणि त्यांच्यातून नऊ छर्रे फरशीवर टणटण उड्या मारत गेले.

"त्याईले सोड," ती म्हणाली. "मी घेतले."

"काहून?"

"गाडी झाली का मले जा लागते."

ओरडून नाही, रडून नाही. नळाला पाणी आलं हे जसं सांगतात तसं तिनं सांगितलं. सगळे माग बंद होते, त्यामुळे बाबूजींना बैठकीत आणि मायला चुलीपाशी ते ऐकू गेलं. माय दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. बाबूजी आत आले.

"हात बरा झाला," ते म्हणाले. "वेणी घालतेस, घागर उचलतेस. आता काय राह्यलं?"

ती माझ्याकडे पाहत होती. बाबूजींकडे नाही, मायकडे नाही, माझ्याकडे. घरात त्या गाडीतलं कळणारा मी एकटाच होतो हे तिला ठाऊक होतं. माझ्या एका शब्दावर सगळं होतं. वाटी तडकली, असं मी म्हणालो असतो तर कोणी तपासायला येणार नव्हतं. वर्षभर मी नागपूरला हेलपाटे घातले असते. तेवढ्यात आणखी काही झालं असतं, कोणी मधे पडलं असतं, कोणाला दया आली असती. मला हे सगळं त्या क्षणी सुचलं. नंतर सुचलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं.

मी म्हणालो, "तू बंडीतून आली तेव्हा मले वाटलं, फक्त गाडीतच खराबी आहे."

एक विणकर हसला. मालकाचा मुलगा बोलला की हसायचं म्हणून हसला असेल. बहिणीचा चेहरा लाल झाला नाही, पांढरा झाला नाही, काहीच झाला नाही. तिनं वाकून छर्रे वेचायला सुरुवात केली. एक मागाखाली गेला होता, तो तिनं पालथं पडून काढला.

आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. मी तिला गाडीपाशी बसवलं. वाटीत ग्रीस भरलं आणि म्हणालो, "चोरले ना? आता तूच लाव. मोजून लाव." तिनं छर्रे एकेक करून ग्रीसमध्ये बसवले. "एक. दोन. तीन." मोठ्यानं मोजायला लावलं मी तिला, पडवीतल्या सगळ्यांसमोर. एकोणीस झाले की वाटीत एका छर्ऱ्याएवढी जागाही उरत नाही, थोडी फट राहते आणि ती राहायलाच हवी. तिनं ती फट पाहून आणखी एक छर्रा उचलला. मी तिच्या बोटावर चापट मारली. धाग्याची सवय असलेली बोटं होती तिची. छर्रे असे सारखे बसले होते की मिलमधला एकही फिटर तसे बसवू शकला नसता. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. "चांगलं केलं," म्हणालो. ती हात धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली. ग्रीस लवकर निघत नाही.

नट आवळायचं काम माझं. सैल राहिला तर ब्रेक मारताना मान खडखडते, जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि गाडी नागमोडी चालते. मी अर्धी दुपार त्या एका नटावर घालवली. पुढचं चाक हवेत ठेवून हँडलला मधून बोट लावलं की ते आपल्या वजनानं हळूच डावीकडे पडायचं आणि उजवीकडे ढकललं की उजवीकडे. कुठं अडत नव्हतं, कुठं आवाज नव्हता. वाकडं काम माझ्या हातून होत नाही, असं मी त्या काळी छाती काढून सांगायचो. तो गुण आहे असं मला वाटायचं.

बाबूजींनी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी जवाई एसटीनं आला. दोन घास खाऊन लगेच पडवीत आला. बहिणीनं त्याला वाढलं होतं, पण तो तिच्याशी बोललेलं मी ऐकलं नाही. गाडी चालू केली, स्टेशनच्या रस्त्यानं गेला आणि थोड्या वेळानं परत आला. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यानं दोन्ही हात हँडलवरून उचलले आणि छातीवर घडी घालून आमच्या दारापर्यंत आला. गाडी सुतासारखी सरळ.

"आता झाली गाडी," तो म्हणाला. "साळेबुवा, कमाल केली तुमी! पहिलेच अशी देल्ली असती तर एवढं रामायण कायले झालं असतं?"

बाबूजी हसले. मी जवसाच्या तेलाचं नाव काढलं नाही. मला तर त्या "कमाल केली" नं भरून आलं होतं.

बहीण बोचकं घेऊन बाहेर आली. मायनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली. म्हाताऱ्या विणकरानं पडवीतून हात जोडले. ती मागच्या सीटवर एका अंगानं बसली. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला धरून बसायचं नाही, म्हणून तिनं मागचं लोखंडी कॅरिअर धरलं. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर त्यानं पुन्हा हात सोडले, लोकांना दाखवायला. बोचकं मांडीवरून घसरायला लागलं आणि ते तिनं डाव्या हातानं सावरलं. लोक वाहवा करत होते. बाबूजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी पुढच्या चाकाकडे पाहत होतो. ते जरासुद्धा हललं नाही. गाडी वळून दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचा चेहरा मी पाहिलाच नाही.

त्या वैशाखात भंडाऱ्याची मुलगी आमच्या घरात आली. बहीण लग्नाला दोन दिवस येऊन गेली. नंतर ती माहेरी आलीच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीला बोलावलं की निरोप यायचा, घरी कामं आहेत. रक्षाबंधनाला राखी कोणाबरोबर तरी यायची. आम्ही जाऊन आणायचं म्हटलं की बाबूजी म्हणायचे, सुखी आहे, कायले मधे पडाचं? मी मान डोलवायचो. मला स्वतःचा संसार होता.

ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत माय गेली. तेराव्याला जवाई आणि बहीण आले, त्याच गाडीवर. बहीण इतकी वाळली होती की माझ्या बायकोनं तिला पहिल्यांदा ओळखलं नाही. जेवणं उरकल्यावर माणसं ओसरीत पांगली. गाडी अंगणात होती. मला राहवेना. मी ती स्टँडवर लावली, चाक उचलून हँडलला बोट लावलं. ते हळूच डावीकडे पडलं. उजवीकडे ढकललं, उजवीकडे पडलं. आवाज नाही. माझ्या तोंडावर हसू आलं असणार.

बहीण मागे उभी होती. कधी आली मला कळलं नाही.

"सारं बिघडलं त्या गाडीचं," ती म्हणाली. "इंजन दोनदा उघडलं. टाकी सडली. ते भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडून करून आणतेत. म्हणतेत, मान तेवढी साळ्यानं बसवली, ती बिघडली तर त्याच्याकडेच धाडीन, तूही जाशीन चार महिने." तिनं हँडलला बोट लावलं. "दरसाल वाट पाह्यली मी, भाऊ. दर पावसाळ्यात हँडल हलवून पाह्यते. काहीच नाही झालं तिले."

मी म्हणालो, "काम पक्कं केलं होतं."

"हो," ती म्हणाली. "लयच पक्कं केलं तू."

आतून तिला हाक आली आणि ती गेली. मी तिथं हँडल धरून उभा होतो. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ते कौतुकच वाटलं.